समेच्या पुढची मात्रा

“आता का नाही चिकटत?” गुरुजींनी विचारलं.

“रेघ आडवी येतीय,” मी म्हणाले.

“कसली रेघ?”

“बारची रेघ, गुरुजी. त्यांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत दर चार मात्रांनी एक उभी रेघ असते. आपला तुकडा दुसऱ्यांदा सुरू होतो तो भलत्याच जागी. मग पाच अक्षरांचा एखादा गट अर्धा रेघेच्या अलीकडे आणि अर्धा पलीकडे येतो. मशीनला ते चालत नाही.”

“मग मशीनला सांग, आम्हाला चालतं.”

हे असं सकाळपासून चाललं होतं. मे महिन्यातली मिरज, त्यात खोलीच्या खिडक्या बंद, कारण खाली तंबोऱ्याचे भोपळे घासायचं काम चालायचं आणि गुरुजींना तो आवाज सहन होत नसे. पंखाही बंद. का, तर पंख्याची घरघर लयीत नसते! मी घामानं चिंब, लॅपटॉप तापून तव्यासारखा, आणि गुरुजी मात्र पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात ताठ बसलेले. सत्तरी उलटली होती, पण कणा असा, की शेजारी बसायची आपल्यालाच लाज वाटावी.

अष्टेकर गुरुजींचा एक जुना शिष्य जर्मनीत होता. तिथल्या एका वाद्यवृंदाला त्यानं गुरुजींचा चक्रदार ऐकवला होता. चक्रदार म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवायचा, आणि तिसऱ्याचा शेवटचा ‘धा’ बरोब्बर समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणून आदळायचा. एक केसभर इकडं नाही की तिकडं नाही. वाद्यवृंदवाल्यांना तो आवडला, साठ माणसं कागद पुढे ठेवून तो वाजवणार होती, आणि तो कागद तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. शिष्यांमध्ये कॉम्प्युटर येणारी मी एकटीच. येतंय म्हणायची चूक केली की माणूस कामाला लागतो, हे तेव्हा कळायला हवं होतं.

पण मी मुकाट्यानं करत होते त्याला कारण होतं. बडोद्याच्या एका नृत्यशाळेनं मला तबल्यासाठी बोलावलं होतं. पगार, राहायला खोली, आणि वर्षातून दोनदा स्वतंत्र वादन. हो की नाही ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आणि गुरुजींच्या परवानगीशिवाय मी कळवू शकत नव्हते. माझ्या मनगटाला त्यांनी गंडा बांधला होता. गंडा बांधलेला शिष्य गुरूनं जा म्हटल्याशिवाय जात नाही. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण आमच्यात ते कायद्याहून कडक.

मी विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले होते, “हे लिहून जर्मनीला गेलं, की तू मोकळी.”

हे त्यांनी होळीच्या सुमारास म्हटलं होतं, आणि दर वेळी काही ना काही राहतच होतं. आधी बोल बदलले, मग लय. मग म्हणाले तुकडाच दुसरा देऊ, मग म्हणाले नको, पहिलाच बरा. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, कलावंत आहे, चालायचंच.

मी भोरे सरांना फोन लावला. सॅम्युअल भोरे आमच्या मिरजेतल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ती लिपी आणि ते सॉफ्टवेअर मला त्यांनीच शिकवलं होतं.

“वृषाली, कॉपी करताना काय धरलंस?” सरांनी विचारलं.

“आख्खा तुकडा.”

“पाचाचा गट मधूनच धरला नाहीस ना? गट आख्खा उचलावा लागतो. अर्धा धरलास तर ते हलत नाही जागचं. गाढवासारखं आहे.”

“आख्खाच धरलाय, सर. चिकटवताना बोंबलतंय.”

“मग रेघाच काढून टाक.”

“म्हणजे?”

“सगळ्याचा मिळून एकच भलामोठा बार कर. त्यात तीनदा चिकटव. मग हळूच रेघा परत मार. जो गट रेघेवर येईल तो हातानं तोड आणि बांध. जरा किचकट आहे, पण होतं.”

“नक्की होतं?”

“प्रभूची इच्छा असेल तर होतं,” सर म्हणाले आणि हसले. “इच्छा नसली तर मला परत फोन कर.”

मी रेघा काढल्या. एकच लांबलचक बार झाला. तुकडा उचलला, चिकटवला, परत चिकटवला. बसला की! मी एवढ्या जोरात “आलं!” म्हणून ओरडले, की काकू, म्हणजे गुरुजींची बायको, स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊन बाहेर आल्या.

“काय झालं गं?”

“काही नाही, काकू. चिकटलं.”

“मला वाटलं, भाजलं,” असं म्हणून त्या आत गेल्या.

“लाव आता,” गुरुजी म्हणाले.

मी लावलं. त्या मशीनमधला तबला म्हणजे ठोकळ्यावर ठोकळा आपटल्यासारखा वाजायचा, पण मात्रा चोख. गुरुजी डोळे मिटून हातावर ताल धरून बसले. तुकडा एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, तिसऱ्यांदा गेला. गुरुजींच्या हातावर समेची टाळी पडली, आणि त्यानंतर, दुसऱ्या मात्रेवर, मशीनचा ‘धा’ पडला.

गुरुजींनी एक डोळा उघडला. “हे काय?”

“एक मात्रा पुढे गेलं.”

“मशीन चुकतंय. परत कर.”

मी परत केलं. सगळं पुसून पहिल्यापासून चिकटवलं. कधी कधी कॉपी करताना तुकड्याच्या मागची रिकामी जागासुद्धा सोबत येते, म्हणून तीही तपासली. सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, मशीनच बंद करून चालू केलं. जे जे म्हणून करतात ते सगळं केलं. ‘धा’ आपला दुसऱ्या मात्रेवर.

मग मी कागदावर मोजलं. तुकड्यात काही चूक नव्हती. चूक असलीच तर दोन तुकड्यांच्या मधल्या थांब्यात. आमच्यात त्याला दम म्हणतात. गुरुजींनी तो एक मात्रेचा सांगितला होता. मी गंमत म्हणून अर्ध्या मात्रेचा करून पाहिला. दोन ठिकाणी अर्धी अर्धी मात्रा कमी झाली, आणि ‘धा’ खिळा ठोकल्यासारखा समेवर बसला. माझा जीव भांड्यात पडला. गुरुजींना काही न बोलता मी ते लावलं.

“सम आली,” गुरुजी म्हणाले.

“आली.”

“दम कुठं गेला?”

“अर्ध्या मात्रेचा दिलाय, गुरुजी.”

“का? मी एक मात्रा थांबतो. तिथं लोक ‘वा’ म्हणतात. लोकांना वा म्हणायला जागा नको?”

“पण गुरुजी, दोन्हीकडे एक एक मात्रा थांबलं, की सम एक मात्रा पुढे जाते.”

“मग माझी कशी येते?”

त्यांनीच रेकॉर्डिंग लावायला लावलं. फेब्रुवारीतला सांगलीचा कार्यक्रम. मी लावलं. गुरुजी वाजवतायत, एक मात्रेचा ऐसपैस दम घेतायत, लोक ‘वा’ म्हणतायत, आणि तिसऱ्यांदा ‘धा’ नेमका समेवर. टाळ्या.

“दमही एक मात्रेचा आणि समही आली,” गुरुजी म्हणाले. “मी खोटा, की तुझं खोकं खोटं?”

“खोकं, गुरुजी.”

“मी जरा पडतो. उठेपर्यंत नीट कर.” ते आतल्या खोलीत गेले.

मी तिथंच बसून राहिले. बाहेर उन्हाचा कहर, आत मी आणि ते खोकं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तसं झालं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिलं तर सम चुकते, सम आणली तर त्यांना दम हवा. कागद पुरा होणार नाही, मी मोकळी होणार नाही, आणि संध्याकाळी बडोदा हातचं जाणार. मला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचा संताप आला.

शेवटी कानाला हेडफोन लावून मी सांगलीचं रेकॉर्डिंग परत ऐकलं. तबला किती वेळा ऐकला होता कोण जाणे. या वेळी तबला सोडला आणि लेहरा ऐकला.

लेहरा म्हणजे तबल्याच्या मागे पेटीवर एकच छोटीशी सुरावट फिरत राहते ती. तबलावादकाचं ते घड्याळ. लेहरा कुणी ऐकत नाही, घड्याळाचे ठोके ऐकत बसतं का कुणी? मी अकरा वर्षं गुरुजींच्या मागे लेहरा वाजवत होते. तबला शिकायला आले आणि पेटीवर बसले, असं माझी आई सगळ्यांना सांगायची. मी स्वतःही माझा लेहरा कधी ऐकला नव्हता.

सुरावट फिरत होती. एकदा, दोनदा. चक्रदार शेवटाकडं आला. आणि समेच्या आधीचा सूर पेटीनं धरून ठेवला. एक मात्रा धरून ठेवला. तिकडून गुरुजींचा ‘धा’ आला, तशी पेटीही समेवर आली. दोघं एकदम. टाळ्या.

मी मागं नेऊन परत ऐकलं. मग दिवाळीचा कार्यक्रम काढला. तिथंही सूर थांबला होता. तीन वर्षांपूर्वीचा काढला. तिथं दम अर्ध्या मात्रेचा होता, हात विजेसारखा, आणि पेटी कुठंही थांबलेली नव्हती.

देवाशपथ सांगते, मला ठाऊक नव्हतं. थांबायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना आपण आपोआप हळू चालतो, तसं माझ्या बोटांनी मला न विचारता केलं होतं. खोकं खरं होतं. गुरुजींचा दम वाढला होता, कारण हात थकला होता, आणि सम मी उचलून त्यांच्या पायाशी नेऊन ठेवत होते.

काकू ताकाचा पेला घेऊन आल्या. माझं तोंड बघून बसल्या.

“झालं नाही का अजून?”

“नाही.”

“त्यांना हवं तसं करून पाठवून दे की. जर्मनीत कोण मोजायला बसलंय!”

“काकू, तिथं साठ माणसं कागद बघून वाजवणार. कागद कुणासाठी थांबत नाही.”

मी काय बोलून गेले ते मलाच नंतर कळलं. काकूंनी पेला खाली ठेवला.

“सांभाळून घे,” त्या हळूच म्हणाल्या. “नेहमी घेतेस की.”

म्हणजे काकूंना माहीत होतं! पहिल्या रांगेत बसून मान डोलावणाऱ्या, ‘क्या बात है’ म्हणणाऱ्या काकूंना माझ्याआधी माहीत होतं. आणि मग एकेक गोष्ट सरळ दिसायला लागली. लेहऱ्याला वृषालीच हवी, दुसरं कुणी नको. दिवाळीनंतर मला टायफॉइड झाला तर सोलापूरचा कार्यक्रमच रद्द. आणि होळीपासून न संपणारा हा कागद.

आतून खाकरण्याचा आवाज आला. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. गुरुजी तोंड धुऊन बाहेर आले.

“आलं?”

हो म्हणणं सोपं होतं. अर्धी मात्रा लिहायची, त्यांच्यापुढे वाजवताना एक मात्रेचं वाजवायचं, समेला कसंबसं झाकायचं, आणि पाठवून द्यायचं. झाकायला मी चांगलीच शिकले होते. पण मग उद्या परवाही मीच झाकणार, आणि मरेपर्यंत त्या पेटीमागं बसणार. आणि नाही म्हणायचं तर म्हणू कशी? ज्या माणसानं मला ‘धा’ शिकवला त्याला सांगू, की गुरुजी, तुमचा ‘धा’ चुकतोय?

“गुरुजी,” मी म्हटलं, “तुम्ही एकदा वाजवता का? मी लेहरा धरते. ऐकून लिहीन.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तबल्यावरची खोळ काढली, हातोडीनं दोन ठोके देऊन सूर जुळवला आणि म्हणाले, “धर.”

मी पेटी ओढली. मनाशी एवढंच म्हणत होते, बोटांनो, आज माझं ऐका. लेहरा सुरू केला. गुरुजींनी चक्रदार उचलला. पहिला तुकडा, दम. दुसरा तुकडा, दम. अजूनही काय वाजायचं हो! ते बोल ऐकून कुणाच्याही अंगावर काटा आला असता. तिसरा तुकडा आला, आणि समेच्या आधीच्या सुरावर माझं बोट जड झालं. मी ते उचललं. पेटी समेवर गेली, एकटीच. गुरुजींचा ‘धा’ मागून आला.

ते थांबले नाहीत. एक आवर्तन ठेका धरला आणि परत उचलला. परत तसंच झालं. पेटी पुढं, ‘धा’ मागं.

गुरुजींनी दोन्ही हात तबल्यावर सपाट ठेवले. आवाज बंद झाला.

“थांबली नाहीस,” ते म्हणाले.

मी भाता सोडला. “तुम्हाला माहीत होतं?”

“दिवाळीला कळलं. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा.”

“मग मला सांगितलं का नाही, गुरुजी? मी सकाळपासून, होळीपासून, वेड्यासारखी…”

“सांगून काय करू?” त्यांचा आवाज चढला. “सांगितलं तर तू थांबायची बंद होशील. आणि बडोद्याला गेलीस तर कोण थांबणार आहे माझ्यासाठी? तो बाकीच्या शिष्यांचा मेळा? एकाला तरी कान आहे का त्यात?”

मला हुंदका आवरेना. रागही होता, मायाही होती, सगळं एकदम आलं. अकरा वर्षांत त्यांनी माझं एकदाही कौतुक केलं नव्हतं, आणि केलं ते असं.

मग ते म्हणाले, “अर्धी मात्रा लिही. कागद तरी बरोबर जाऊ दे.”

“आणि बडोदा?”

“कळव त्यांना. येते म्हणून.”

मी लिहिलं, पाठवलं. बडोद्यालाही कळवलं. गुरुजींनी तबल्यावर स्वतःच खोळ घातली. मी पाया पडले तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. जर्मनीवाल्यांनी तो चक्रदार वाजवला, सम चोख आली, मी बडोद्यात बसून ऐकली. अजून बडोद्यातच आहे. गुरुजी त्यानंतर स्टेजवर बसले नाहीत. लोकांनी पुष्कळ विचारलं, त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. शिकवत मात्र शेवटपर्यंत होते. पण मला सांगायचं आहे ते जिन्यातलं.

मी चपला घालत होते, तेव्हा काकू मागून आल्या. दार ओढून घेतलं, आणि आत ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, “काय गरज होती गं?”

“काकू, त्यांना माहीतच होतं.”

“त्यांना माहीत होतं ते मला माहीत होतं. मला माहीत आहे, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यावर आमचं चाललं होतं.” “कार्यक्रमाहून आल्यावर ते विचारायचे, कसं झालं? मी म्हणायची, अगदी पूर्वीसारखं. मग दोन घास जास्त जेवायचे. आज तुम्ही बोलत होतात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ‘थांबली नाहीस’ म्हणाले आणि त्यांनी वर पाहिलं ते थेट माझ्याकडं. माझ्या तोंडावर काही नवल दिसलं नाही त्यांना. मला नवल आणताच आलं नाही गं.”

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो काढून घेतला. रागानं नाही.

“तू जा,” त्या म्हणाल्या. “तुझी सुटका झाली, बरं झालं. तरणी आहेस. मला आता आत जायचंय. चहाची वेळ झालीय त्यांची.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले, तोंडावर काहीतरी आणायचा प्रयत्न केला, आणला, आणि दार उघडून आत गेल्या.